गोंदियाला दोनदा निघालेलं विमान

निघोजे

पुण्याहून गोंदियाला दोन तासांत पोहोचता येतं, असं त्या छोट्या विमान कंपनीच्या जाहिरातीत लिहिलं आहे. मी पत्रकं लिहिणारी आहे, त्यामुळे जाहिरातीवर माझा राग नाही. पत्रकात आणि जाहिरातीत फरक इतकाच, की पत्रकाखाली आम्ही स्वतःची नावं घालतो. मला गोंदियाला पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. कसा, ते सांगते. तिकडे कधी न गेलेल्यांना उपयोग होईल.

मी आकुर्डीत राहते आणि चाकणच्या कंत्राटी कामगारांच्या एका लहान संघटनेचं काम करते. म्हणजे शिफ्ट सुटताना गेटवर उभं राहून पत्रकं वाटायची, आणि वाटलेली पत्रकं पुढच्या चहाच्या टपरीवर भज्यांखाली दिसली तरी खचायचं नाही. प्रतिमाताई मेश्राम आमच्या सभासद. मूळच्या गोंदियाकडच्या. नर्सिंगचं शिक्षण झालेलं, पण गेली काही वर्षं निघोजेजवळच्या कंपनीत गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर कंत्राटी. ठेकेदार बदलत गेले, त्यांची लाइन तीच राहिली.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या मोबाइलवर मेसेज आला. आरोग्य सेविकेच्या भरतीत प्रतीक्षा यादीतलं त्यांचं नाव वर सरकलं होतं. मंगळवारी सकाळी अकराला गोंदियात मूळ कागदपत्रांची पडताळणी. गैरहजर राहिल्यास पुढच्या उमेदवाराला संधी. त्यांची वयोमर्यादा या वर्षी संपत होती, म्हणजे ही शेवटची गाडी. आणि खरी गाडी मिळत नव्हती, कारण दिवाळी तोंडावर आली होती. रेल्वेची वेटिंग लिस्ट बघून डोळे दुखले. खासगी बसवाल्यांनी तिप्पट भाव लावला होता, आणि तोही एजंट उपकार केल्यासारखा सांगत होता.

तेवढ्यात सचिनने ते विमान शोधून काढलं. सचिन त्यांच्याच लाइनवरचा पोरगा. विमानाच्या शेपटीवर चिमणी रंगवलेली असते, म्हणून सगळे त्या विमानाला चिमणीच म्हणतात. सोमवारी दुपारी एक चाळीसला सुटतं, तिकीट दोन हजार सहाशे. बसपेक्षा स्वस्त.

"भावांनो, मोबाइल काढा," सचिन गेटबाहेरच्या टपरीवर ओरडला. "तत्काळ पद्धत!"

तत्काळ पद्धत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रेल्वेचं तत्काळ तिकीट काढायचं असलं की आमच्याकडे एकट्याने काढत नाहीत. आठ-दहा जण आठ-दहा मोबाइलवर एकाच माणसाचं नाव भरतात आणि सगळे एकदम तुटून पडतात. एकाचं तरी लागतं. या पद्धतीने चाकणमधली निम्मी माणसं दिवाळीला घरी जातात. पवित्र गोष्ट आहे ती.

विमानात मात्र घोटाळा असा, की पैसे भरायच्या पानावर जो पोहोचतो त्याच्यासाठी एक जागा थोडा वेळ अडकवून ठेवली जाते. चिमणी लहान, स्वस्त जागा मोजक्या. आमचे नऊ मोबाइल नऊ जागा अडवून बसले.

"माझ्याकडं तीन हजार नऊशे दाखवतंय रे."

"माझ्याकडं साडेपाच!"

"राव, लोक तुटून पडलेत. लवकर करा!"

तुटून पडलेले लोक आम्हीच होतो, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. सचिनचं तिकीट दोन हजार सहाशेत लागलं होतं, पण ते पक्कं झाल्याचा मेसेज उशिरा आला. तोवर मी सात हजार दोनशेला बटण दाबलं होतं. शिवाय माझ्या मोबाइलमध्ये माझं नाव आधीपासून भरलेलं होतं, ते मी बदललंच नव्हतं. प्रवासी: मी. तिकीट रद्द केलं तर कंपनी एकशे चाळीस रुपये परत देणार होती. नाव बदलता येत नाही, असं खाली बारीक अक्षरात होतं.

"मग चाल ना मुक्ता सोबत," प्रतिमाताई म्हणाल्या. "मले तरी कुठं माहीत हाय विमानात कसं बसते ते."

मलाही माहीत नव्हतं. ते मी सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी प्रतिमाताईंचे घरमालक तात्या ओट्यावर बसून आमची तयारी बघत होते.

"इमानानं चाललाय व्हय? आन् मधीच बंद पडलं तर ढकलायला कोन उतरनार?"

"तात्या, बंद पडत नाही ते."

"न्हाई कसं? आमच्या टेंपोवाल्यानंबी असंच सांगितलं व्हतं."

लोहगाव

प्रतिमाताईंची बॅग लाल, मोठी, साखळीला कुलूप. मूळ कागदपत्रं तिच्यात होती. अगदी तळाला, दोन साड्यांच्या घड्यांमध्ये. जनरल डब्यातून आयुष्यभर प्रवास केलेल्या बाईची ही शिस्त: सगळ्यात मोलाची वस्तू सगळ्यात खोल, आणि हातातल्या पिशवीत फक्त झेरॉक्स, म्हणजे पिशवी गेली तरी जीव जात नाही. काउंटरवरच्या मुलीने बॅग वजन करून घेतली आणि पट्ट्यावर ठेवली. प्रतिमाताईंना पावती मिळाली. त्या खूश झाल्या.

"पावती देली म्हणजे त्याइची जबाबदारी," त्या मला म्हणाल्या. मीही मान डोलावली. गेटवर मी उलटं शिकवते: कागद दिला म्हणून जबाबदारी कुणी आपोआप घेत नाही.

एक चाळीसचे तीन झाले. मी काउंटरवर गेले.

"विमान किती वाजता?"

"मॅम, ऑपरेशनल रीझनमुळे डीले आहे."

"ते कळलं. किती वाजता?"

"अपडेट आलं की अपडेट देऊ."

"आणि अपडेट कधी येणार?"

"तेच अपडेट येईल, मॅम."

इतकी घट्ट बांधलेली भाषा मी फक्त व्यवस्थापनाच्या नोटिशीत पाहिली होती. मनातल्या मनात तिच्याविरुद्ध एक पत्रक तयार केलं. मथळा ठरला होता. दरम्यान आम्ही पोहे खाल्ले, ज्यांच्या किमतीत पिंपरी कॅम्पात चार जणांचं जेवण होतं. प्रतिमाताईंनी पोह्यांवर तर्री मागितली. पोरगा म्हणाला, सॉस आहे. त्या माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "आमच्याकडं असं पोहे देले तर लोक भांडतीन जी."

साडेचारला विमानात चढलो. आत जागा अशी, की आकुर्डीच्या रिक्षातून उतरल्यासारखं मुळीच वाटू नये. दोन-दोन सीटच्या रांगा, मध्ये एका माणसाने कंबर आक्रसून जावं एवढी वाट.

हवेत

विमान वर गेल्यावर सगळ्यात आधी माणसं काय करतात, तर एकमेकांना भाडं विचारतात. वाटेपलीकडच्या सीटवर गोंदियाचे एक राइस मिलवाले शेठ होते. अकरा हजार.

"अकरा?" प्रतिमाताई दचकल्या. "मी सव्वीसशेत बसली ना."

शेठनी आधी त्यांच्याकडे, मग त्यांच्या सीटकडे पाहिलं. सीट सारखीच होती. "खिडकी भी आपकोच मिली," ते म्हणाले.

"मी सात हजार दोनशे," मी म्हणाले.

आमच्या पट्ट्यात हे नवं नाही. एकाच लाइनवर, एकच स्क्रू घट्ट करणारे तीन जण: एक पर्मनंट, एक कंत्राटी, एक ट्रेनी. तिघांच्या हातात तीन पगार. तिथे मी दर पंधरवड्याला ओरडते. इथे शेठ ओरडत होते. म्हणजे हा न्याय वर्गविरहित आहे. सगळ्यांना सारखाच लुटतो, फक्त वेगवेगळ्या दराने.

मी शेठना माझा मुद्दा सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "तुम्ही कामगारांना भडकावता का?"

"हो."

"हमारे यहाँ मत आना," ते म्हणाले आणि मला शेंगदाण्याची चिक्की दिली.

प्रतिमाताई खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. खालची शेतं चौकटी-चौकटींची झाली होती. त्यांच्या हातात झेरॉक्सची पिशवी होती, घट्ट.

नागपूर

सूर्य मावळताना घोषणा झाली. उशीर झाल्यामुळे गोंदियाला उतरण्याची वेळ टळून गेली आहे, त्यामुळे विमान नागपूरला उतरत आहे. गैरसोयीबद्दल खेद आहे.

विमान उतरलं. दार उघडलं. नारिंगी जाकिटातला एक माणूस आत येऊन म्हणाला, "ज्यांना उतरायचं त्यांनी उतरावं. इथून पुढे आपली व्यवस्था आपण करायची."

नागपूर ते गोंदिया म्हणजे रस्त्याने तीन-चार तास, रात्र पडत आलेली, दिवाळीची गर्दी. मला असल्या क्षणाची सवय आहे. मी उठून उभी राहिले. डोकं वरच्या कप्प्यावर आपटलं.

"कोणी उतरायचं नाही! तिकीट गोंदियाचं आहे. कंपनी गाडी करून देईपर्यंत सगळे इथेच बसून राहू."

आश्चर्य म्हणजे लोक बसले. शेठही बसले. मागून कुणी तरी "बरोब्बर!" म्हणालं. दहा मिनिटांत ठिय्या आंदोलन उभं राहिलं. गेटवर मला इतक्या लवकर कधी जमलं नव्हतं. मी घोषणेसाठी तोंड उघडणार, एवढ्यात प्रतिमाताईंनी माझा दुपट्टा ओढला.

"मुक्ता, हे विमान इथं थांबते का?"

मी नारिंगी जाकीटवाल्याला विचारलं.

"नाही मॅडम. आत्ता परत पुण्याला जातंय. सकाळी तिथून त्याला फ्लाइट आहे. तुम्ही बसा निवांत, आमचं काहीच म्हणणं नाही."

एवढी वर्षं आम्ही गेटवर बसतो. गेट जागचं हलत नाही. ज्याच्यात बसून आंदोलन करायचं ती वस्तू आंदोलनासकट परत निघून जाऊ शकते, असं संघटनेच्या कुठल्याच शिबिरात सांगितलं नव्हतं.

ठिय्या पंचेचाळीस सेकंदांत मोडला. लोक सीटवरून उड्या मारून दाराकडे धावले. शेठ जाताना म्हणाले, "बेटा, मैं तो टैक्सी करूंगा. बहनजी को बिठा लेता हूँ." हीच ती आमची वर्गएकजूट.

प्रतिमाताई खाली उतरून बॅगेची वाट बघत राहिल्या. मी दारात उभी होते. नारिंगी जाकीटवाल्याने पावती पाहिली, यंत्रावर काही तरी तपासलं आणि म्हणाला, "ही बॅग चढवलीच नाही. वजन जास्त होत होतं. चार बॅगा पुण्यालाच राहिल्यात. उद्याच्या फ्लाइटने येतील."

प्रतिमाताईंनी पावती परत घेतली. त्यांनी झेरॉक्सची पिशवी उघडली, आत बघितलं, बंद केली. मग पुन्हा उघडली.

मला ते दृश्य अजून आवडत नाही. सहा महिने मी या बाईला सांगत होते, की कागदाशिवाय हक्क मागता येत नाही. ठेकेदाराकडून प्रत्येक गोष्ट लेखी घ्या. त्यांनी सगळं लेखी ठेवलं होतं. ते सगळं आता लोहगावला होतं.

"उद्याचं विमान किती वाजता?" मी विचारलं.

"सकाळी पावणेसातला निघतं. नऊला गोंदिया."

"निघतं का?"

त्याने यंत्र खिशात टाकलं. प्रामाणिक माणूस होता.

मी प्रतिमाताईंना म्हटलं, "तुम्ही शेठसोबत जा. अकराला नाव पुकारतील तेव्हा माणूस तिथं हवं. बॅग मी आणते."

"कशानं?"

"याच्यानंच," मी म्हणाले.

त्यांनी मला पावती दिली. बॅगेची चावी द्यायला त्या विसरल्या आणि मी मागायला.

मी एकटीच पुन्हा सीटवर जाऊन बसले. ठिय्यात शेवटपर्यंत टिकलेली एकमेव आंदोलक. नारिंगी जाकीटवाल्याने बाहेरून हात हलवला.

पुन्हा लोहगाव

रात्र खुर्चीवर काढली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पहाटे काउंटरवर तीच कालची मुलगी होती. मी पावती पुढे केली आणि माझ्या सर्वांत कडक आवाजात सुरुवात केली. ती ऐकत राहिली. डोळे लाल झाले होते तिचे.

"तू काल दुपारपासून इथेच आहेस?" मी मध्येच विचारलं.

"डबल ड्यूटी. बदली आली नाही."

"कंपनीची का कंत्राटी?"

ती हसली. "कंपनीच्या लोकांना ही गर्दी झेपेल का, ताई?"

कालपासून पहिल्यांदाच तिने मला मॅम म्हटलं नाही. तिच्याविरुद्धचं पत्रक मी मनातल्या मनात फाडलं. मग तिला सगळी गोष्ट सांगितली: पडताळणी, अकरा वाजता, वयोमर्यादा. ती आत गेली आणि थोड्या वेळाने येऊन म्हणाली, "लाल, साखळीवाली. सगळ्यात पहिली चढवली मी. वजन जास्त झालं तर दुसरं काही तरी उतरेल. तुम्ही जा, बसा."

मी खिडकीशी बसले. इथे एक कबुली देणं भाग आहे, कारण पुढच्या पत्रकात ती येणार नाही: पावणेसात वाजायला आले, तेव्हा मी मनापासून त्या कंपनीच्या बाजूने होते. पंखे फिरावेत, टायर चांगले असावेत, वैमानिकाची झोप झालेली असावी, असं सगळं मी इच्छीत होते. निम्म्या सीट रिकाम्या होत्या. शेजारच्या माणसाने भाडं सांगितलं: अठराशे. तो म्हणाला, सकाळी कुणी नसतं.

विमान पावणेसातला निघालं. मला कुणावर ओरडावं कळेना.

गोंदिया

वरून दिसतं ते सगळं धान. कापायला आलेलं, पिवळं, आणि त्याच्यामध्ये आरशाचे तुकडे टाकावेत तशी तळी. त्यांना तिकडे बोड्या म्हणतात. आमच्याकडे इतकं पाणी एका जागी दिसलं तर त्याच्या कडेने आधी प्लॉटिंगचा बोर्ड लागतो.

बॅगा तासाभराने हातगाड्यावरून आल्या. पहिली लाल होती. मी तिला जवळजवळ मिठी मारली. गाडा ओढणारा म्हणाला, "एवढं का हाय जी याच्यात?"

"नोकरी," मी म्हणाले.

ऑटोवाला तासभर सीट भरायची वाट बघत थांबला, मग वाटेतही तीन वेळा थांबून त्याने माणसं घेतली. त्याला तसं करू नको म्हणायला मला अधिकार नव्हता, कारण तो त्यांच्याकडूनही माझ्याइतकंच भाडं घेत होता. सगळ्यांना एकच दर. दोन दिवसांत पहिल्यांदाच मी हे पाहिलं. ऑटोतल्या एका आजीने मला विचारलं, कुठून आल्या? म्हटलं, पुण्याहून, विमानानं. त्यांनी माझे चुरगळलेले कपडे बघितले आणि विषय बदलला.

ऑफिसच्या व्हरांड्यात प्रतिमाताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. साडी नेसलेली, केस विंचरलेले. त्या मध्यरात्रीच पोहोचल्या होत्या. शेठनी त्यांना थेट आईच्या दारात सोडलं होतं आणि टॅक्सीचा त्यांचा वाटा घेतला नव्हता.

"नाव पुकारलं ना," त्या म्हणाल्या. "साहेब म्हणे, ओरिजिनल? मी म्हटलं, येऊन राहिले. तर म्हणे, येऊन राहिले म्हणजे? कागद का पायानं येते? सगळे हासले. मंग शेवटी बसवलं मले."

"आता कितवं चाललंय?"

"दोन उरले."

कुलूप. चावी त्यांच्या गळ्यातल्या दोऱ्यात होती. त्या व्हरांड्यातच मांडी घालून बसल्या आणि बॅग उपसू लागल्या. आईसाठी घेतलेला गाउन, भाच्याची टिकल्यांची बंदूक, चिवड्याची पिशवी, मोती साबण चार, आणखी एक साडी. व्हरांड्यातले सगळे उमेदवार बघत होते. एकजण म्हणाला, "ताई, दुकान लावता का?" मग तळातून प्लास्टिकची फाइल निघाली. प्रतिमाताईंनी ती पदराने पुसली, जरी ती कोरडीच होती.

आतून त्यांचं नाव आलं.

त्या आत असताना मी बाहेर गाउन आणि बंदूक घेऊन बसले होते. शिपायाने मला दोनदा उमेदवार समजून आत ढकललं. अर्ध्या तासाने त्या बाहेर आल्या.

"झालं."

"काय म्हणाले?"

"म्हणे, कागद बरोबर हायेत. आदेश दिवाळीनंतर." मग त्या खाली बसल्या आणि रडल्या नाहीत. सगळं सामान त्याच क्रमाने परत बॅगेत भरू लागल्या.

दुपारी त्यांच्या आईकडे जेवलो. आमच्याकडे भात शेवटी येतो, पोळीचा पाहुणा असल्यासारखा. तिथे भातच घरचा मालक. भात, वाळलेल्या मासोळीचा रस्सा, जवसाची चटणी, पुन्हा भात. मी नको म्हटलं की आई वाढायच्या, गप्प राहिले तरी वाढायच्या.

"एवढी दूर वायर जोडायला गेली होती," आई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नर्स असून."

प्रतिमाताई म्हणाल्या, "आई, जेवू दे ना तिले."

विमान कंपनीला मी सविस्तर तक्रार लिहिली. भाडं ठरवण्याची पद्धत काय, बॅग मागे ठेवली तर प्रवाशाला उडण्याआधी का सांगत नाही, आणि काउंटरवरच्या माणसाला सलग दोन ड्यूट्या कोणत्या कायद्याने लावता. उत्तर आलं की त्यांना माझा अनुभव महत्त्वाचा वाटतो.

निघोजे, दिवाळीनंतर

आदेश आला. प्रतिमाताई खोली रिकामी करायला रेल्वेने आल्या. तात्यांनी डिपॉझिट परत करताना म्हटलं, "जाशील तिथं इंजेक्शन हळू दे, पोरी." मग कंपनीचं ओळखपत्र जमा करायला आम्ही दोघी गेटवर गेलो. मी सवयीने पत्रकं घेतली होती.

गेटवरचा गार्ड मला ओळखतो. मी दिसले की तो वॉकीटॉकी हातात घेतो. आज त्याने आधी प्रतिमाताईंचं कार्ड घेतलं, उलटसुलट केलं.

"सोडायचं कारण काय लिहू?"

"पर्मनंट झाली, म्हणून लिहा जी."

त्याने पेन उचललं, थांबला. तोही ठेकेदाराचाच माणूस. वॉकीटॉकी त्याने टेबलावर ठेवला आणि आवाज खाली आणला.

"ताई, तिकडं वॉचमनची भरती निघते का हो?"

"निघते ना," प्रतिमाताई म्हणाल्या. "पण वयाचं बघून ठेवा भाऊ. जागेच्या आधी तेच संपते."